घंटेआधीची घंटा

आपलं अकरा वर्षांचं लेकरू मूळपुरुषाने राजीखुशीने लोकांच्या हवाली केलं, त्याला तीन दिवस झाले होते. आज सोमवारी जेवणाच्या टेबलाशी बसून तो स्वतःच्याच थोरपणाचा आस्वाद घेत होता. लेकरू म्हणजे शाळेच्या घंटा वाजवणारा संगणकाचा प्रोग्राम. फुकट, आणि आतला सगळा मजकूर जगासमोर उघडा. ज्याला वाटेल त्याने सुधारणा सुचवावी. सुचवायला जगभरची माणसं होती, पण सुचवलेलं आत घ्यायला एकटा मूळपुरुष. हे नाव त्या माणसांनीच त्याला दिलं होतं. त्यात आदर किती आणि वैताग किती, हे त्याने कधी विचारलं नाही. चारशे सुधारणा रांगेत तुंबल्या तेव्हा मात्र लोकांनी तोंडावर सांगितलं, की कारभार वाटून द्या, नाहीतर आम्ही वेगळी चूल मांडतो.

मग त्याने चौदा पानांची घटना लिहिली. पाच जणांची समिती. कुठलाही बदल आत जायचा तर दुसऱ्या दोन सभासदांची संमती हवी. हरकत घेणाऱ्याने अठ्ठेचाळीस तास विचार केल्याशिवाय मत बदलायचं नाही. आणि हे सगळं मूळपुरुषालाही लागू. हे शेवटचं वाक्य त्याने ठळक अक्षरांत टाकलं आणि परस्पर बदल करण्याचा आपला खास अधिकार सर्वांदेखत काढून टाकला. दूरदूरच्या देशांतून टाळ्यांची चित्रं आली. माणसाने इतकं थोर होऊ नये, पण झाला.

समितीत तो स्वतः, एक दंतवैद्य, एक ग्रंथपाल आणि कोणाचंही टिंब चुकलेलं सहन न होणारी एक मुलगी होती. तिला सगळे टिंबताई म्हणत. पाचवी जागा वापरकर्त्यांच्या प्रतिनिधीची, ती काही केल्या भरेना. शेवटी त्याने बायकोला विचारलं. ती मुख्याध्यापिका, आणि तिच्या शाळेत हाच प्रोग्राम. ती पेपर तपासत होती. "घाला की," एवढंच म्हणाली आणि विसरून गेली.

नव्या राज्यातला पहिला बदल अर्थातच मूळपुरुषाचा होता. तास संपायच्या पाच मिनिटं आधी एक सूचनेची घंटा व्हावी, म्हणजे शिक्षकांना आवरतं घेता येईल. मूळपुरुषाचं लिहिलेलं काय तपासायचं, असं म्हणून दंतवैद्य आणि ग्रंथपाल यांनी चार मिनिटांत संमती दिली. सोमवारी सकाळी नवा प्रोग्राम आपोआप शाळाशाळांत जाऊन बसला.

पावणेबाराला बायकोचा फोन आला.

"अहो, तुमची घंटा अकरापासून दर पाच मिनिटांनी वाजतेय. शिक्षक वर्ग बदलून बदलून दमले. आठवीला आत्तापर्यंत नऊ विषय झालेत आणि एकातही फळ्यावर तारखेच्या पुढे कोणी गेलेलं नाही."

"मशीन बंद कर ना."

"कपाटाची किल्ली शिपायाकडे. नऊ घंटा झाल्या की तो घरी जातो. नऊ झाल्या, गेला." तिचा आवाज खाली आला. "बारा वाजता तपासणीचे साहेब येतायत. वाचनालयाच्या खोलीसाठी आठ वर्षं अर्ज करतेय मी. आज हे असलं बघून गेले, तर झालंच."

त्याने प्रोग्राम उघडला आणि कपाळाला हात लावला. सूचनेची घंटा हीसुद्धा घंटाच. मग तिच्याआधी पाच मिनिटं तिची सूचना नको? आणि त्या सूचनेआधी? संगणक बिचारा आज्ञाधारक, मागे मागे जात थेट शाळा भरण्यापर्यंत पोचला होता. सूचनेच्या घंटेला सूचना नको, अशी एक ओळ त्याने मिनिटभरात लिहिली. पण ती आत जाईना. दोन संमत्या हव्या होत्या.

त्याने दंतवैद्याला गाठलं. दंतवैद्याचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते.

"वाचल्याशिवाय संमती नाही," तो म्हणाला. "मागची न वाचता दिली म्हणून तर घंटा वाजतायत."

मग त्याने मदतनीस बाईंना फोन डोळ्यांसमोर धरायला लावून ओळ दोनदा वाचली आणि संमती दिली. पेशंटनेही उघड्या तोंडाने मान डोलावली, पण तो समितीत नव्हता.

ग्रंथपाल रजा घेऊन डोंगर चढायला गेले होते, फोन लागेना. टिंबताईने ताबडतोब उत्तर दिलं, की ओळ उत्तम आहे, पण शेवटी टिंब नाही, सबब हरकत. मूळपुरुषाने टिंब दिलं. तिने आभार मानले आणि कळवलं, की आता मत बदलायला ती परवा मोकळी होईल. त्या घटनेचा असा अभ्यास खुद्द लिहिणाऱ्यानेही केला नव्हता.

राहता राहिली बायको. फोन केला तेव्हा साहेब आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले होते आणि ती बाहेर व्हरांड्यात उभी होती.

"मी कसली सभासद?" असं विचारून झालं, संकेतशब्द सापडला, ओळ उघडली. मूळपुरुषाला वाटलं, आता सुटलो. पण तिच्या हातात कागद आला की तो पेपरच होतो.

"काय बदललं ते लिहिलंय. चूक कोणाची, ते कुठेय? असं अर्धवट मी मुलांकडूनसुद्धा घेत नाही."

त्याने लिहिलं, काही अपरिहार्य कारणांमुळे. हरकत न नोंदवता तिने ते नुसतं परत पाठवलं. त्याने लिहिलं, चूक झाली.

"कोणाकडून?"

फोनमधून घंटा ऐकू आली. पाठोपाठ बाकांची सरकासरक, खडूचा डबा पडल्याचा आवाज. बावीस वर्षांच्या संसारात मूळपुरुषाने जे दोन शब्द कधी तोंडातून काढले नव्हते, ते त्याने डोळे मिटून टाइप केले. चूक माझी.

संमती आली. घंटा थांबली.

संध्याकाळी बायको घरी आली ती हसतच. साहेब म्हणे तपासणीला कुठेही गेले की दहाव्या मिनिटाला पेंगतात. इथे दर पाच मिनिटांनी नवा शिक्षक, नवा विषय. डुलकी लागायला सवडच मिळाली नाही. शिक्षकवर्ग अत्यंत चपळ, असा शेरा मारून त्यांनी वाचनालयाची खोली मंजूर केली. घंटा का थांबवली, असंही जाताना विचारलं. मूळपुरुषाने आनंदाने टाळी वाजवली. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते लपवलं नाही.

ती पेपर तपासायला बसली, तसा त्याने हळूच संगणक उघडला. जगाला दिसणाऱ्या त्या नोंदीतले दोन शब्द खुपत होते. सगळं गोड झालंच आहे, तर ते काढायला काय हरकत? त्याने तसा बदल समितीपुढे ठेवला. टेबलाच्या पलीकडे बायकोचा फोन वाजला. तिने चष्मा लावून शांतपणे वाचलं, बोटाने काहीतरी दाबलं आणि पुन्हा पेपर ओढला.

पडद्यावर उमटलं: वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींची हरकत. नोंद खरी आहे.

"अगं, मागे घे ना," तो म्हणाला.

"परवा बघू," ती मान वर न करता म्हणाली. "नियम तुमचाच आहे."