जनूभाऊंची लाकडी पट्टी

जनूभाऊ कामावर आले की आधी दातात एक लाकडी पट्टी धरतात. तिचं दुसरं टोक पाइपाला टेकवतात आणि डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहतात. नवा माणूस बघून आधी हसतो, मग जरा घाबरतो.

सातिवलीतल्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकचा दाणा टाकीतून मशीनपर्यंत पाइपातून जातो, हवेच्या जोरावर. हवा ब्लोअर देतो, अक्कल जनूभाऊ. "हवा जास्त झाली का दाना फुटतो, कमी झाली का बसतो. मानसाचं बी तेच," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते मालकांनाही ऐकवून झालंय.

प्रॉडक्शन मी बघतो. मध्ये हौसेने सेन्सर बसवून घेतले. पहिल्याच आठवड्यात सगळे दिवे हिरवे असताना जनूभाऊ पट्टी काढून म्हणाले, "तिसऱ्या वलनावर बसलाय." मी हसलो. पाइप उघडला, तर ओंजळभर दाणा तिथे ठाण मांडून बसलेला. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

माणसांशी मात्र त्यांचं जमत नसे. "जनूभाऊ, चहा घेतला का?" विचारलं की उत्तर यायचं, "आता मोकला झाला." "घरी सगळे बरे?" तर, "ब्लोअर गरम हाय." कोणी म्हणे तिरसट, कोणी म्हणे शिष्ट. मीही चिडायचो.

परवा कारखान्यात कान तपासायला डॉक्टर आले. ऐकू न येणाऱ्याला मशीनवर ठेवायचं नाही, असा नवा नियम. आणि नेमके जनूभाऊ गायब! शोधत गेलो तर टाकीमागे पाठमोरे उभे, पट्टी दातात. तीन हाका मारल्या. मान वळली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. खांद्यावर हात ठेवला तसे ते दचकले.

"कललं ना?" पट्टी काढून ते म्हणाले. "खाडीत डुंबून डुंबून लहानपनापासून कान वाहायचे. आता बंदच झाले. घरला पाठवू नका, साहेब. घरात सगली बोलतात, मला नुसती तोंडं हलताना दिसतात. इथं हा पाइप तरी दातांतून माझ्याशी बोलतो."

नुसतं बोलून त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी पट्टीचं एक टोक त्यांच्या दातात दिलं, दुसरं माझ्या दातात घट्ट धरलं आणि जमेल तसं ओरडलो, "घरी नाही पाठवत. चहा घेतला का?"

जनूभाऊंचे डोळे भरून आले.

"नाय, साहेब," पट्टी न सोडता ते म्हणाले, "अजून नाय."