आत बसण्याचा अधिकार

नंदुरबार जिल्ह्याला विमानतळ नाही. त्यामुळे विमानात बसण्यापूर्वी कुठे बसावे, हा प्रश्न प्रकाशा गावात आजवर उपस्थित झाला नव्हता. पंचायत समितीचे निवृत्त विस्तार अधिकारी श्री. हेमकांत पाटील यांच्यामुळे तो प्रथमच उपस्थित झाला.

पाटलांची मुलगी दामिनी बंगळूरला नोकरी करते. तिला मुलगी झाली आणि बारसं ठरलं. तिने आई-वडिलांची विमानाची तिकिटं काढली आणि फोनवर सांगितलं, "आप्पा, मी त्या विमान कंपनीची मेंबर आहे. तुमचंही नाव जोडलंय. विमानतळावर तुम्हाला लाउंज मिळेल."

त्या क्षणापासून बारसं मागे पडलं. हेमकांत आप्पांनी मोबाईलवर लाउंजच्या अटी-शर्ती काढल्या आणि एखाद्या शासन निर्णयासारख्या पुन्हा पुन्हा वाचल्या. मग ते चहाच्या टपरीवर गेले आणि कोणी विचारायची वाट न पाहता सांगू लागले.

त्यांचा बालमित्र लोटन म्हणाला, "लाउंज म्हंजे काय रे भो?"

"बसायची जागा."

"मग इमानतळवर बसाले जागा ऱ्हास नही का?"

"असते की. पण ती सगळ्यांसाठी असते."

लोटनला हे लगेच पटलं. गावातल्या प्रत्येक लग्नात पुढच्या रांगेतला सोफा पकडण्यासाठी तोही मुहूर्ताच्या बराच आधी जाऊन बसत असे.

निघायची तयारी सुरू असताना आप्पांच्या आई सुंदरबाई म्हणाल्या, "मन्ही पणती शे. मी बी येस." त्यांचं वय आणि गुडघे पाहता हा निर्णय धाडसी होता, पण तो झालेला होता. दामिनीने तिसरं तिकीट काढलं. अटी-शर्ती मात्र आप्पांनी नव्याने वाचल्या नाहीत. इथेच प्रशासकीय चूक झाली.

विमानतळावर तपासणी उरकून तिघं आतल्या मोठ्या दालनात आले. समोर पूर्ण काचेची भिंत, काचेपलीकडे विमानं, आणि अलीकडे रिकाम्या खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा. सुंदरबाई थेट खुर्चीकडे वळल्या. "आठेच बसूत ना रे भाऊ. इतल्या खुर्च्या रिकाम्या शेतस."

"माय, आठे बसाले उनूत का आपण?" आप्पा म्हणाले आणि त्यांनी तिला हाताला धरून वळवलं.

लाउंजचं दार चकचकीत होतं. दारापुढे मखमली दोरी होती, आणि दोरीमागे रांग. दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या कोटावर 'रोशनी' अशी पाटी होती. ती इतक्या अदबीने हसली की आप्पांना क्षणभर आपण अजून सेवेत आहोत असं वाटलं.

"लाउंज सध्या फुल आहे, सर. थोडं थांबावं लागेल."

"कुठे थांबायचं?"

"इथेच, सर. रांगेत."

"उभं राहून?"

"हो सर. आतमध्ये मग आरामात बसता येईल."

म्हणजे विमानाची वाट पाहण्याच्या जागेची आता वाट पाहायची होती. रांगेतली माणसं एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत निमूट उभी होती. हाकेच्या अंतरावर खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोणी तिकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. खुर्चीवर बसलं असतं तर नंबर गेला असता. शिवाय आपण आत जाणाऱ्यांपैकी आहोत, हे कोणाला कळलंच नसतं.

बऱ्याच वेळाने नंबर लागला. रोशनीने आप्पांचा मोबाईल यंत्राला दाखवला आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. तेही अदबीचंच होतं.

"तुम्ही मेंबर, सर. तुमच्यासोबत एक गेस्ट चालतो."

"हे माझं कुटुंब आहे. ही आई, ही पत्नी."

"हो सर. पण सिस्टीममध्ये दोघी गेस्टच आहेत."

"आई पाहुणी कशी? मीच तिच्या घरात राहतो."

"माझ्या हातात असतं तर सोडलं असतं, सर. पण नियमात बसत नाही."

हे वाक्य आप्पांनी उभ्या नोकरीत असंख्य लोकांना ऐकवलं होतं. समोरच्या बाजूने ते इतकं वेगळं ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. तरीही वाक्य निर्दोष होतं, हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं.

पत्नी दीपमालाबाई हळूच म्हणाल्या, "आपण तिन्ही जन बाहेरच बसूत ना."

"मग अधिकार वाया जाईल," आप्पा म्हणाले.

सुंदरबाई म्हणाल्या, "वहूले लई जा रे. तिना जनम गया चुलापुढे."

"नही, मायले लई जा," दीपमालाबाई म्हणाल्या. "त्यासना गुडघा दुखतस. उभ्या उभ्या जीव गया त्यासना."

दोघी एकमेकींना आत ढकलू लागल्या. मागच्या रांगेत खाकरणं सुरू झालं. आप्पांनी डोळे मिटले, विषयाचा साकल्याने विचार केला आणि सेवाज्येष्ठतेच्या तत्त्वावर निर्णय दिला. आई आत, पत्नी बाहेर. दीपमालाबाईंनी मान डोलावली आणि दशम्यांची पिशवी घेऊन त्या काचेच्या भिंतीकडे गेल्या. जाताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. आप्पांनी दोनदा पाहिलं.

आत थंडी होती, मंद उजेड होता आणि खिडकी नव्हती. विमानतळावर आहोत हे कळायला भिंतीवरचा एक पडदा तेवढा होता. त्यावर आपल्या विमानाला उशीर असल्याचं आप्पांनी वाचलं आणि ते निश्चिंत झाले. 'कृपया शांतता राखा' अशी पाटी दिसताच त्यांनी मोबाईलचा आवाज बंद केला.

बसायला जागा मात्र नव्हती. प्रत्येक कोचावर एक माणूस आणि एक बॅग होती, आणि बॅगेला कोणी उठवू शकत नव्हतं. अखेर एका सद्गृहस्थाने आपली बॅग मांडीवर घेतली. ते नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी दिलवरसिंग गिरासे निघाले. सुंदरबाई त्या कोचावर बसल्या, आणि बसतच गेल्या. कोच इतका मऊ होता की शेवटी त्यांचे गुडघे छातीला लागले आणि पाय जमिनीवरून उचलले गेले.

"हेमकांत," त्या खालून म्हणाल्या, "माले हाई विहीरमातून कोन काढी?"

"आराम कर, माय. यालाच लाउंज म्हणतात."

आप्पांनी पोहे आणले. बशी मोठी होती आणि पोहे तिच्या मधोमध टिळा लावल्याइतके होते. सुंदरबाईंनी घास तोंडात घातला आणि थांबल्या. "दीपमालानी काही खादं का? हाई बशी तिले दई ये."

आप्पा बशी घेऊन दाराशी गेले. रोशनी म्हणाली, "सॉरी सर, आतलं खाणं बाहेर नेता येत नाही."

"मग पत्नीला आत घेतो आणि आई बाहेर येईल. गेस्ट एकच राहील."

"गेस्ट बदलता येत नाही, सर. आणि तुम्ही स्वतः बाहेर गेलात तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल."

आप्पा बशी घेऊन परत आले. बाहेर जाता येत नव्हतं, बाहेरच्याला आत आणता येत नव्हतं आणि आईला उठता येत नव्हतं. या परिस्थितीला सुविधा म्हणतात, हे त्यांनी स्वतःला समजावलं.

एवढ्यात त्यांना कोपऱ्यात आणखी एक दार दिसलं. दुधी काचेचं. एक माणूस आला, त्याने कार्ड दाखवलं आणि दार त्याच्यामागे बिनआवाज मिटलं.

"तठे काय शे?" आप्पांनी गिरासेंना विचारलं.

"त्या आपल्यावरचा मेंबर. त्यासले येगळी खोली."

"तुम्ही गया व्हतात का कधी?"

"एकदाव. साडूना संगे."

"मग आत काय व्हतं?"

गिरासेंनी आठवून पाहिलं. "पोहाच व्हतात. पन बशी चौकोनी व्हती."

आप्पांनी आपल्या हातातल्या गोल बशीकडे पाहिलं. आत शिरताना ते मोठे होते आणि आता पुन्हा सर्वसामान्य झाले होते. त्यानंतर त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलंच नाही. ते दुधी काचेकडेच पाहत बसले.

बाहेर दीपमालाबाई खुर्चीवर ऐसपैस बसल्या होत्या. शेजारच्या बाईला त्यांनी दशमी दिली आणि तिने यांना थेपला दिला. दोघींनी मिळून चार विमानं उतरताना पाहिली. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली की बंगळूरचं विमान आलं आहे, विमानात चढायचं दार बदललं आहे आणि प्रवाशांनी त्वरित यावं. लाउंजमध्ये अशा घोषणा होत नसत. सदस्यांची शांतता भंगू नये म्हणून कंपनीने ही खास सोय केली होती.

दीपमालाबाईंनी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. त्या धावत लाउंजच्या दाराशी आल्या.

"मॅडम, तुमचा गेस्ट कोटा भरलाय," रोशनी म्हणाली.

"माले आत नही येनं. त्यासले बाहेर काढनं शे. इमान चालनं!"

"मी बोलावते ना. सरांचं नाव सांगा."

दीपमालाबाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं.

"दामिनीना बाप," त्या म्हणाल्या.

"मेंबरचं नाव लागेल, मॅडम. आत बरेच सर आहेत."

"उंच शेतस. चष्मा शे. रिटायर शेतस."

"मॅडम, तसे तर सगळेच आहेत."

शेवटची घोषणा झाली. दीपमालाबाईंनी पदर खोचला, दोरी ओलांडली, दारातून डोकं आत घातलं आणि ओरडल्या, "हेमकांत! ऊठ! इमान चालनं!"

सगळं लाउंज उठून बसलं. दुधी काचेचं दारसुद्धा किलकिलं झालं. आप्पा असे ताडकन उभे राहिले की पोहे कोटावर सांडले. इतक्या वर्षांत कुठल्याही वरिष्ठाने त्यांना असं उठवलं नव्हतं.

"कोन बोलनं ते?" सुंदरबाईंनी कोचाच्या तळातून विचारलं.

"दीपमाला," आप्पा पुटपुटले.

"बरं बोलनी. आते माले काढा."

एक हात आप्पांनी धरला, दुसरा गिरासेंनी. सुंदरबाई वर आल्या. त्या सरळ उभ्या राहायच्या आतच त्या कोचावर कोणाची तरी बॅग येऊन बसली. तिघं त्या लांबलचक दालनातून पळाले, म्हणजे दोघं पळाले आणि सुंदरबाई मध्ये टांगलेल्या होत्या. विमानाचं दार बंद होता होता ते आत शिरले. जागेवर बसल्यावर आप्पांनी कोटावरचे पोहे झटकले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "नाव घ्यायला नको होतं असं नाही." दीपमालाबाई खिडकीतून ढग पाहत राहिल्या.

बंगळूरला बारसं छान झालं. पणतीने सुंदरबाईंचं बोट घट्ट धरलं आणि सुंदरबाई पुष्कळ रडल्या.

गावी परतल्यावर संध्याकाळी ओट्यावर आप्पांभोवती माणसं जमली. स्वयंपाकघरात दीपमालाबाईंपाशी बेबीबाई, रंजनाबाई आणि गल्लीतल्या बायका आल्या. दीपमालाबाईंनी मनापासून सांगायला सुरुवात केली. विमान उतरताना चाकांतून धूर कसा निघतो, हातात दिवे धरून माणसं त्याला कशी वाट दाखवतात, थेपलावाली बाई किती मायाळू होती. बायकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

मग बेबीबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे व माय. आत काय व्हतं ते सांग."

"मी आत गई नही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ही मुळात प्रवासाला गेलीच नव्हती की काय, अशी ती नजर होती. रंजनाबाई तर गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या.

दीपमालाबाईंनी क्षणभर विचार केला. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पन आतमा ना, दुधी काचनी एक खोली शे..."

रंजनाबाई पुन्हा खाली बसल्या. सगळ्या बायका पुढे सरकल्या. तुम्हीही सरकलात, ते दिसलं. बारशात मुलीचं नाव काय ठेवलं, हे मात्र त्या संध्याकाळी कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.