ईराची परीक्षा अन् आठ मुंड्या

तुम्हाला सांगते, अख्ख्या रायपुरात माह्यासारखा फोन करणारी बाई दुसरी नाही! लोक नंबर लावतात, तासभर बोलतात, अन् काम काही होत नाही. मी नुसतं "हॅलो" म्हटलं की तिकडचा माणूस चपला घालून उभा! आमचे हे रेल्वेत गार्ड होते तेव्हा मी एकदा गुढियारीच्या क्वार्टरमधून त्यांना हाक मारली, तं दुर्गला मालगाडी थांबली होती. खोटं वाटत असन तं ह्यांना विचारा. ते आता नाहीत, पण तुम्ही विचारा.

म्हणून त्या दिवशी ईरा रडवेलं तोंड घेऊन बाल्कनीतून आत आली तेव्हा मी काही घाबरली नाही.

ईरा म्हणजे माही नात. बॉटनीत एम.एस्सी. करून राहिली. मागच्या वर्षी ऐन परीक्षेत तिले टायफॉइड झाला अन् वर्ष गेलं. यंदा प्रॅक्टिकल बुडालं तं हेही वर्ष पाण्यात. अन् प्रॅक्टिकल दुसऱ्याच दिवशी, सकाळी अकरा वाजता!

"काय झालं व?" मी विचारलं. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. भांडण मात्र दोघींचं दोन्ही भाषांत छान जमते.

"आजी, मेरी गोरखमुंडी मर गई!"

बाल्कनीतल्या कुंडीत तिनं दोन महिने जीव लावून ते झाड वाढवलं होतं. सूर्यफूल-झेंडूच्या खानदानातलं, पण वीतभर उंचीचं. एका वर्षात उगवून, फुलून संपणारं. प्रत्येक पोराले त्या खानदानातलं एक झाड न्यायचं होतं. ताजं, फुलासकट. मॅडमसमोर कापून त्याची सारी लक्षणं सांगायची.

"ऐसे कैसे मर गई? कल तक तो ठीक थी!"

आता तुम्हाला म्हणून सांगते. थंडी पडली होती, त्याले हुडहुडी भरली असन म्हणून मी रोज सकाळी उरलेला गरम चहा त्याच्या मुळाशी टाकत होती. आल्याचा! पण इतकी बारीकसारीक गोष्ट परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट्टीले सांगून तिचं डोकं काहून फिरवायचं?

"गोरखमुंडीसाठी रडतेस?" मी म्हटलं. "इथून तासाभरावर अभनपूरले धान कापलं की साऱ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, तेच असते! आमच्या वेळी तं इतकी दाट असायची की एकदा बैल तिच्यावरून चालला, अन् होळीपर्यंत त्याच्या खुरांना अत्तराचा वास येत होता. थांब, मी फोन करते."

"आजी, आप रहने दो ना. मैं खुद..."

पण तोवर मी मारोतीले फोन लावला होता. मारोती आधी ह्यांच्या हाताखाली रेल्वेत होता. आता अभनपूरले शेती करते, अन् जोडीले बकऱ्या पाळते. आमच्या घरावर त्याचा फार जीव. फोन उचलला तेव्हा त्याच्या मागं ट्रॅक्टर असा धडधडून राहिला होता, जसा काही कानातच नांगरणी करून राहिला!

"मारोती! मी मंदाकिनीकाकू! मले उद्या गोरखमुंडी पाहिजे!"

"कायची मुंडी?"

"गोरख! गोरख! मुंडी!"

"...ड मुंडी?"

"हव, तेच!"

मारोती एकदम दबक्या आवाजात म्हणते, "काकू, तुमच्या घरी? तुम्ही तं लसूणबी खात नाही!"

"खायले नाही रे बावळटा! ईराच्या परीक्षेले. मोठ्या मॅडमसमोर तिले कापून दाखवायची आहे."

"आपली ईरा? कापून?"

"ब्लेडनं! आतलं सारं उलगडून, एक-एक मोजून सांगणार आहे."

"बाप्पा! पोट्टी वाघीण निघाली काकू! किती देऊ?"

"आठ दे. पण ताज्या, सकाळी तोडलेल्या. अन् मान लांब ठेव, अगदी जवळून कापू नको."

"हव. भाजून देऊ?"

"भाजतोस काय रे? अंगावरची लव तशीच पाहिजे, मॅडम भिंगातून लव पाहतात!"

"पण काकू, वास येईन बरं."

"येऊ दे की! तिचा वासच तं खास आहे!"

मारोतीनं मोठा सुस्कारा सोडला. "सकाळी भाजीच्या टेम्पोनं मी येतोच. घरी देऊ?"

"घरी नको. सरळ कॉलेजात ने, बॉटनीच्या लॅबमध्ये, ईराच्या हाती."

फोन ठेवला अन् मी ईराकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिची परीक्षा पास केली.

"पक्का, आजी?"

"मंदाकिनीचा फोन आहे हा! झोप जाऊन."

दुसऱ्या दिवशी पावणेअकरा वाजता मी आरामात दुसरा चहा घेत बसली होती, तं मारोतीचा फोन आला.

"काकू, सामान पोचवून दिलं! एकदम फर्स्टक्लास. माना लांब ठेवल्या. शिंगं तेवढे पुसून दिले."

चहा माह्या नाकातून बाहेर आला.

"शिंगं? झाडाले शिंगं कुठून आले रे?"

"झाडाले नाही काकू, बोकडाले! बोकडमुंडीच म्हटलं ना तुम्ही? गावभर फिरून आठ जमा केल्या!"

मग काय सांगू! पायात एक माही चप्पल अन् एक ईराची, अशी मी खाली उतरली. आमच्या तेलीबांध्याच्या तलावापाशी ऑटो पकडला. "भैया, भगाओ! पोती का साल डूब रहा है!" तो बिचारा तलावाकडेच पाहू लागला. मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की ऑटो कॉलेजच्या फाटकापर्यंत जमिनीले टेकला नाही.

लॅबच्या दारात पाहते तं काय! इंद्रजीत सर, म्हणजे ईराचे मोठे प्रोफेसर, स्टुलावर चढून उभे. पोरं-पोरी भिंतीले पालीसारखे चिकटलेले. मधात टेबलावर आठ मुंड्या रांगेनं मांडलेल्या. अन् त्या साऱ्या, नागपूरहून परीक्षा घ्यायले आलेल्या सुनीती मॅडमकडे टक लावून पाहून राहिल्या होत्या, जशी काही त्यांचीच तोंडी परीक्षा आहे!

"इसकी फॅमिली भी बता दो अब," कोणतं तरी पोट्टं मागून खुसखुसलं.

ईरा मारोतीच्या टोपलीपाशी उभी होती. डोळे काठोकाठ भरलेले. "आजी, ये क्या भिजवा दिया!"

सुनीती मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुंड्या काही गेल्या नाहीत. मग त्या मराठीतून म्हणाल्या, "आजी, झूलॉजी दोन दारं पुढं आहे. माझ्यासमोर झाड नसेल तर मी मार्क देऊ शकत नाही. दहा मिनिटं थांबते, बस."

दहा मिनिटांत अभनपूर! माह्याच्यानंही झालं नसतं. मले पहिल्यांदा वाटलं, मंदाकिनी, तुह्या तोंडानं पोट्टीचं वर्ष गिळलं. मी ईराजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवायले. अन् तेवढ्यात मले वास आला.

बोकडाचा नाही. गोड, थोडा उग्र, लहानपणच्या बांध्यांचा. बैलाच्या खुराचा!

"ईरे, टोपलीत खाली काय आहे?"

"घास-फूस है आजी. मारोती काका बोले, सिर लुढकें नहीं और बदबू न आए, इसलिए खेत से तोड़के..."

ती बोलता बोलता थांबली. दोघींनी एकदम टोपलीत हात घातला. डोकं डोक्यावर आपटलं, त्याचा आवाज झूलॉजीपर्यंत गेला असन. वर आलं ते मुठीभर हिरवं, अन् त्यात बोराएवढे जांभळे गोंडे! मारोतीनं अर्धी टोपली गोरखमुंडीनं भरली होती. ताजी! मुळासकट!

ईरानं डोळे पुसले, ब्लेड घेतलं, अन् बाप्पा, ती पोट्टी बदलूनच गेली.

"पुष्पक्रम?" मॅडमनं विचारलं, म्हणजे फुलोरा कोणता.

"मुंडक, मॅडम!"

इवल्या फुलांच्या गच्च गोंड्याले मुंडक म्हणतात, पण साऱ्या लॅबनं टेबलाकडं पाहिलं. मॅडमचे ओठ हलले, पण त्यांनी ते दाबले. "या गोंड्यात फुलं किती? एक?"

"नहीं मॅडम. ये एक फूल नहीं है. एक मुंडक भी नहीं है. मुंडकों का मुंडक है!"

तिनं गोंडा उभा कापला अन् भिंगाखाली धरला. मॅडमनं पाहिलं, मग मलेही पाहू दिलं. काय सांगू तुम्हाला! ज्याले मी जन्मभर एक फूल समजून तुडवत आली, ते अख्खं गाव होतं! गावात दाटीवाटीनं पारे, म्हणजे मोहल्ले, प्रत्येक पाऱ्यात इवली इवली फुलं. बाहेरून साऱ्या बायाच बाया, अन् मधात दोन-चार असे की बाई बी तेच अन् बाप्या बी तेच! झेंडूसारखी पाकळ्यांची झालर नाही, नटणं नाही, नुसती माणसांची गर्दी. अन् कोणी कोणाले ढकलून नाही राहिलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे दाखवायले पाहिजे!

ईरा सांगतच होती. पान देठापाशी थांबत नाही, दांडीवर पंखासारखं खाली उतरत जाते. त्या पंखाले दाते असतात. मी पाहिलं, तं माह्या लग्नातल्या करवतकाठी साडीचा काठ हुबेहूब! अंगावर लव, तिच्यातूनच तो वास. बियांना उडायचा पिसारा नाही, पडली तिथंच राहायची. धान निघालं, पाणी आटलं की उगवायचं, फुलायचं, अन् उन्हाळ्याच्या तोंडावर सामान आवरून निघायचं. इतक्या थोड्या मुक्कामात इतकी कारागिरी!

मॅडमनं आणखी चार प्रश्न विचारले. ईरा एकदाही अडखळली नाही. शेवटी मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "इतकं ताजं अन् इतकं नीट सांगितलेलं झाड मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही." इंद्रजीत सर स्टुलावरून टाळ्या वाजवून राहिले होते. उतरायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मार्क लिहून, कागद पाकिटात घालून, सही झाल्यावर (नंतर, बरं का, आधी नाही!) सुनीती मॅडमनं मले कोपऱ्यात घेतलं.

"आजी, ते टेबलावरचं वाया जाईल का हो? आमच्या घरी... म्हणजे... दोन मिळाल्या तर..."

दोन त्यांनी नेल्या. सहा मारोती परत घेऊन गेला.

ईरा लॅबमध्ये पहिली आली. साऱ्या तेलीबांध्याले मी सांगून टाकलं, की टोपलीत झाड लपवून पाठवायची आयडिया माहीच होती, परीक्षा जरा रंगतदार व्हावी म्हणून. लोकांनी मान डोलावली. ईरा नुसती हसली. मले वाटलं, चला, चहाची गोष्टही पचली!

रविवारी सकाळी आल्याच्या चहाचं भांडं घेऊन मी बाल्कनीत गेली. कुंडीत नवीन गोरखमुंडी लावलेली होती, टोपलीतलीच. शेजारी एक काडी, अन् काडीले पाटी. पोट्टीनं जन्मात पहिल्यांदा मराठीत काही लिहिलं होतं, तेही एकही चूक न करता.

"आजी, हिला चहा नको."