तिसऱ्या मजल्यावरची धार

बाईंच्या डोक्याला रंग लावून झाला, तो मुरला, घड्याळाचा गजर वाजला आणि ताईने केस धुवायला नळ सोडला. नळातून जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणावं की नळाला सुटलेला घाम, हे तिला ठरवता येईना.

"काय गं, सुरू कर ना," बेसिनच्या खाचेत मान टेकवून, डोळे मिटून बाई म्हणाल्या.

"हो बाई, येतंय. येईलच."

बाई म्हणजे साध्यासुध्या गिऱ्हाईक नव्हत्या. गावातल्या मोठ्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. संध्याकाळी शाळेचा वार्षिक समारंभ आणि त्यात त्यांचं भाषण. आज त्यांचे केस नीट जमले, तर उद्यापासून शाळेतल्या सगळ्या शिक्षिका ताईच्या पार्लरच्या पायऱ्या चढणार होत्या. आणि बिघडले तर? हा रंग ठरल्या वेळेपेक्षा जास्त राहिला की तपकिरीचा भलताच काही होतो, असं डबीवरच लाल अक्षरात छापलेलं होतं.

"अहो!" ताईने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

आतून उपायराव आले. हे ताईचे यजमान. विमा कचेरीत नोकरी, पण खरा जीव दुरुस्तीत. कसलीही अडचण सांगा, यांच्याकडे उपाय तयार. म्हणून घरादाराने हे नाव ठेवलेलं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलेलं. पार्लर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणण्याचा उपायही त्यांचाच. "अगं, वर गच्ची, गच्चीवर टाकी. टाकीतून पाणी निघालं की पहिलं आपल्याकडे! खालच्यांना आपलं उरलंसुरलं," असं त्यांनी तिला पटवलं होतं. तळमजल्यावरची जागा सोडल्या सोडल्या तिथे गाड्या धुणारा येऊन बसला.

"धार नाही ना?" नळाकडे एक नजर टाकून उपायराव म्हणाले. "सोपं आहे. तोंड लहान केलं की वेग वाढतो." आणि त्यांनी फवाऱ्याची नळी हातात घेऊन तोंडावर अंगठा दाबला. पाणी खरंच उसळलं. ते समोरच्या आरशावर गेलं, आरशावरून कॅलेंडरवर गेलं, फक्त बाईंच्या डोक्यावर गेलं नाही.

"दिशा चुकली. थांब, तोटी लावतो."

झाडांना औषध मारायच्या पंपाची एक बारीक पितळी तोटी त्यांच्या खिशातच होती. ती बसवून त्यांनी नेम धरला. सुईसारखी धार सुटली आणि थेट बाईंच्या कानात शिरली.

"अरे, केस धुतोयस की कान टोचतोयस?" बाई ताडकन उठून बसल्या. त्यांनी डोळे उघडले, उपायरावांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "तू? मागच्या बाकावरचा तू?"

"हो बाई," उपायराव आपोआप ताठ उभे राहिले. "वेग बघा ना बाई किती वाढलाय!"

"वेग वाढलाय रे, पण पाणी कुठाय? असं धुवायला बसलास तर मी निवृत्त होईन."

ताईने घड्याळ पाहिलं. रंगाची कड कपाळापाशी काळसर दिसायला लागली होती. "अहो, बादल्या भरून आणा खालून!"

"बादल्या कशाला? टाकी वर नेता येत नाही ना? मग गिऱ्हाईक खाली घेऊ!"

कुणी काही म्हणायच्या आत पाना आला, बोल्ट निघाले आणि बेसिन स्टँडवरून उतरून फरशीवर आलं. बाईंना चटईवर आडवं केलं, पाठीखाली दोन उशा दिल्या. मुख्याध्यापिकेला असं जमिनीवर आडवं पाहून ताईला रडावं की माफी मागावी कळेना. पण नवल म्हणजे धार थोडी वाढली! मघाशी दोऱ्याएवढी होती, ती करंगळीएवढी झाली.

"पाहिलंस? दोन हात खाली आलो तर एवढा फरक!" उपायरावांची छाती फुगली.

त्या भरात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. बेसिन आता सांडपाण्याच्या पाइपापेक्षा खाली होतं, त्यामुळे त्यातलं पाणी जायला तयार नव्हतं. ते तपकिरी पाण्याने काठोकाठ भरत चाललं आणि फवाऱ्याचं तोंड त्यात बुडालं. ताई पाणी उपसायला तांब्या शोधायला वळली, तोच नळाने घशातून 'गुडूप' असा आवाज काढला. धार थांबली. मग बेसिनमधलं पाणी भराभर कमी व्हायला लागलं.

"वा! निचराही झाला!" उपायराव म्हणाले.

"झाला, पण गेलं कुठे?" ताईने विचारलं.

उत्तर खालून आलं. "ताई! अहो ताई!" गाड्या धुणारा रस्त्यात उभा राहून ओरडत होता. "पाण्यात काय कालवलंत? पांढरी गाडी तपकिरी झाली की हो!"

चटईवरून बाईंनी शांतपणे विचारलं, "कुणाची पांढरी गाडी?"

ताईने खिडकीतून तोच प्रश्न खाली पाठवला.

"मुख्याध्यापक बाईंची! समारंभाला जायचंय म्हणून धुवायला टाकून गेल्यात!"

मग बाई उठून बसल्या आणि वर्गात बोलतात तशा बोलू लागल्या. "टाकी किती जवळ आहे याला काही अर्थ नसतो. ती नळापासून किती उंच आहे, त्यावर दाब. तुझ्या डोक्यावर टाकी हातभर, खालच्याच्या डोक्यावर तीन मजले. त्याने गाड्या धुवायची ती पाण्याची बंदूक सोडली की पाइपातलं पाणी जोरात धावतं. धावत्या पाण्यात दाब घटतो आणि मग ते तुझ्या फवाऱ्यातून उलटं ओढून घेतं. हे मी तुला शिकवलं होतं."

"बाई, त्या दिवशी मी आजारी होतो."

"त्या दिवशी? तो धडा आठवडाभर चालला होता!" बाईंनी टॉवेल गळ्याभोवती आवळला. "चला खाली."

आणि बाई निघाल्या. पुढे त्या, डोक्यावर रंगाचा चिखल, अंगावर पार्लरचा प्लास्टिकचा झगा फडफडतोय. मागे शांपू घेऊन ताई, तिच्यामागे पाना घेऊन उपायराव. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडची रांग जिन्यापर्यंत आली होती. बाईंना पाहताच गाल सुजलेले दोन गृहस्थ उठून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग, बाई."

"दुपार झाली आहे. बसा," बाई म्हणाल्या आणि न थांबता उतरल्या.

गाड्या धुणाऱ्याने त्यांना पाहिलं आणि हातातली बंदूक पाठीमागे लपवली. "मॅडम, गाडी आत्ता साफ करतो. आईशप्पथ, माझी चूक नाही."

"गाडी राहू दे. डोकं धू."

"याने? मॅडम, याने चाकांचा चिखल निघतो!"

"मग बंदूक काढ, नुसता पाइप दे."

बाई आपल्याच गाडीच्या बॉनेटवर कोपरं टेकून वाकल्या. पाइपातून मनगटाएवढी, सुरेख, भरगच्च धार आली. ताईने दोन्ही हातांनी केस चोळले. रंग बाईंच्या डोक्यावरून बॉनेटवर, बॉनेटवरून गटारात गेला. डोकं आणि गाडी एकदमच स्वच्छ झाली. बसथांब्यावरच्या माणसांनी बस सोडली, पण हा कार्यक्रम सोडला नाही.

केस वाळले आणि ताईने कपाळाला हात लावला. तपकिरी छटा कुठेच नव्हती. उन्हात बाईंचं डोकं ताज्या वांग्यासारखं जांभळं चमकत होतं. बाईंनी गाडीच्या आरशात पाहिलं. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. "भाषणाला उशीर होतोय," एवढंच बोलून त्या गाडीत बसल्या आणि गेल्या.

त्या संध्याकाळी ताईने नवऱ्यापुढे पाना आपटला. उपायरावांनी बेसिन मुकाट्याने पुन्हा स्टँडवर बसवलं. सकाळी पार्लर उघडून ती बसली, ती बोर्ड कधी उतरवायचा याच विचारात. तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा होता.

"बाई, माझं चुकलं, मी पैसे परत..."

"आधी ऐक. इतकी वर्षं मी समारंभात भाषण करतेय. काल पहिल्यांदा एकही माणूस पेंगला नाही. शेवटच्या रांगेतली मुलंसुद्धा माझ्याकडे टक लावून बघत होती. अध्यक्ष म्हणाले, बाई, पुढच्या वर्षी आणखी वेळ बोला. आमच्या चार शिक्षिका दुपारी तुझ्याकडे येतायत. सगळ्यांना हाच रंग हवाय."

ताईच्या जिवात जीव आला. "पाठवा बाई! मी सगळी तयारी ठेवते. आज बादल्या आधीच भरून ठेवते, एक मिनिटसुद्धा उशीर होणार नाही!"

"छे, छे, भलतंच काय!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "वेळेवर धुतलंस तर तपकिरीच होईल. नवऱ्याला रजा घ्यायला लाव. नेमका तेवढा उशीर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."