शोकेसमागचा ग्राहक

आमच्या घरात एकही यंत्र बिघडत नाही. बिघडायच्या आतच मी त्याला हात लावतो! कारखान्यात मला सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणतात. म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात, पण ते कौतुकानं. मी तिथे पंपांच्या स्टोअरचा हेड आहे. कुणी नटबोल्ट मागायला आला की आधी चार प्रश्न विचारायचे आणि मग नाही म्हणायचं, हे माझं काम.

तर परवा मी एक स्मार्ट प्लग आणला. हा भिंतीतल्या सॉकेटात खुपसायचा, वायफायला जोडायचा, आणि त्यात लावलेली वस्तू सोफ्यावर बसून मोबाईलवरून बंद-चालू करायची. सामान्य लोक त्याला टेबललॅम्प लावतात. मी सामान्य नाही! आमचा राऊटर, म्हणजे वायफायचा तो डबा, हॉलमधल्या शोकेसमागे आहे. मधूनच तो रुसतो, मग कुणीतरी मागे हात घालून त्याला बंद करा, चालू करा. मी काय केलं? प्लग थेट राऊटरलाच लावला! आता रुसवा काढायचा तो सोफ्यावर लोळत, एका बोटानं.

बायको बघत होती. म्हणाली, "अहो, पण हा प्लग वायफायवरच चालतो ना? मग तुम्ही वायफायच बंद केलंत तर..."

"तू राहू दे. ते टेक्निकल आहे."

ती गप्प बसली. आमच्या लग्नात ती गप्प बसली की मला जिंकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. शेवटची फेरी! नोकरी कसली, तर घरगुती उपकरणांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. मी म्हटलं होतं, "लोकांना बंद करून चालू करा सांगायचं, याला काय अक्कल लागते?" त्यापेक्षा मी आमच्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. ही नोकरी नाही मिळाली तर एक तारखेपासून ती माझ्या हाताखाली, स्टोअरमध्ये. हे ऐकल्यापासून पोरीनं अभ्यासाला जी सुरुवात केली, ती बारावीलाही केली नव्हती.

इंटरव्ह्यूला पाच मिनिटं उरली. आत खोलीत लॅपटॉप उघडून ती देवाचं नाव घेत बसलेली. मला बापाचं कर्तव्य आठवलं. म्हटलं, पोरीला जरा ताजं वायफाय देऊ! मोबाईल काढला, ऐटीत 'बंद' दाबलं. राऊटरचे दिवे विझले. दहापर्यंत मोजलं आणि 'चालू' दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली : 'डिव्हाइस ऑफलाइन. कृपया आपलं वायफाय चालू आहे का तपासा.'

"अरे, वायफाय चालू करायलाच तर तू पाहिजेस!" मी मोबाईलवर ओरडलो.

"बाबा! नेट गेलं!" आतून किंकाळी आली.

"काही झालेलं नाही! दोन मिनिटं!"

बायको धावत आली. तिला एका नजरेत सगळं कळलं. "काढा तो मेला प्लग आणि राऊटर सरळ भिंतीत लावा!"

"अगं, ती हार झाली! बिघाड मुळापासून शोधायचा असतो." असं म्हणून मी शोकेस आणि भिंतीच्या फटीत घुसलो. खांदा गेला. छातीही गेली. पोटानं मात्र साफ नकार दिला. पुढे जाता येईना, मागे येता येईना! वरच्या काचेच्या बाहुल्या किणकिणायला लागल्या. शोकेस सरकवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक मागे अडकला होता.

हात मात्र प्लगपर्यंत पोचत होता. म्हणजे बोटं टेकत होती, उपटायला जोर नव्हता. त्यावर एक बटण असतं. ते दाबून धरलं की प्लग सगळं विसरतो आणि नवीन वायफाय शोधायला लागतो. मी दाबून धरलं. तो तांबडा लुकलुकला. पुन्हा दाबून धरलं. पुन्हा लुकलुकला. त्याला वायफाय पाहिजे आणि वायफायला तो! मी घामानं भिजून गेलो.

तेवढ्यात लेक मोबाईल घेऊन हॉलमध्ये आली. आमच्या घरात मोबाईलला रेंज मिळते ती फक्त हॉलच्या खिडकीत. तिथे उभी राहून तिनं इंटरव्ह्यूवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅडम, जरा नेटचा प्रॉब्लेम झाला, सॉरी." आवाज रडवेला.

"तुझा हॉटस्पॉट चालू कर!" मी मागून गरजलो. "माझा डेटा संपलाय!"

"अहो, गप्प बसा!" बायको दातओठ खात कुजबुजली.

"गप्प काय? हा प्लगच भिकार आहे! यांच्या हेल्पलाइनवर सगळी गाढवं भरलीत!"

मोबाईलमधून एका बाईंचा शांत आवाज आला, "तुमच्या मागे कोण ओरडतंय?"

मला वाटलं, आता पोरगी रडणार. स्टोअरमधली तिची खुर्चीसुद्धा मला दिसायला लागली. पण ती म्हणाली, "मॅडम, एक ग्राहक आहेत. अडकलेत."

"असं? मग सोडवा की. आम्ही ऐकतोय."

मोबाईल खिडकीतच ठेवून लेक शोकेसजवळ आली. असा गोड आवाज तिनं जन्मात माझ्याशी काढला नव्हता. "नमस्कार सर! मी आपली काय मदत करू शकते?"

"सर काय सर? बाप आहे मी तुझा!"

"आपली भावना मी समजू शकते, सर. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. कृपया लाइनवर राहा."

"जाणार कुठे? अडकलोय मी!"

"धन्यवाद, सर. प्लगवर कुठला रंग दिसतोय?"

"तांबडा! लुकलुकतोय! आणि मला शिकवू नकोस, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"आपला अनुभव खूप मोठा आहे, सर. म्हणूनच विचारते, ते बटण आपण दाबून धरलंत का?"

"दोनदा!"

"उत्तम. आता धरू नका, सर. नुसतं एकदा दाबा आणि सोडा."

"त्यानं काय होणार आहे?" असं म्हणत मी दाबलं. टक् झालं. आणि राऊटरचे दिवे एकेक करत हिरवे झाले! प्लग साध्या बटणासारखा हातानंही चालतो, हे त्या शहाण्या कंपनीनं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला नको? बायको म्हणते, लिहिलंय.

"आपली अडचण सुटली का, सर?"

"हो." मी पुटपुटलो.

"आणखी काही मदत करू शकते का?"

"मला बाहेर काढ."

मोबाईलमधून हसण्याचा फवारा आला. एकाचा नाही, निदान चारपाच माणसांचा.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. नोकरी पक्की! म्हणाल्या, शेवटी आमच्यातलंच कुणी चिडलेला ग्राहक बनून परीक्षा घेतं, हिची घ्यायचं कारणच उरलं नाही. इतका अवघड ग्राहक आमच्यातल्या कुणाला करूनही दाखवता आला नसता. पोरगी फोन ठेवून हॉलभर नाचली. मी डोळे पुसले. आनंदानंच, पण बरगडीही दुखत होती.

राऊटर आता बायकोनं सरळ भिंतीत लावलाय. प्लगला टेबललॅम्प जोडलाय.

आणि हो, दुसऱ्या दिवशी त्या मॅडमनी मला फोन करून आणखी एक विचारलं. नव्या मुलांच्या सरावासाठी तो ग्राहक महिन्यातून एकदा फोनवर मिळेल का? मी तत्काळ होकार दिला. शेवटी तज्ज्ञ माणूस लागतोच! त्यांची अट एकच आहे, मधल्या काळात ग्राहकानं काही शिकून यायचं नाही.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "त्याची काळजी करू नका, मॅडम. हमी मी देते."