दोनशे अकरा पाठमोरे, एक समोरून

निशिकांत बेहेरेनं सुटकेस उघडून जॅकेट सुलेखाच्या हातात दिलं. सुलेखानं ते उलगडलं. जिथे आतला खिसा असायला हवा होता, तिथून तिला आपलाच हात दिसला.

"हे काय?"

"घोडा," निशिकांत म्हणाला.

जॅकेट त्याचं नव्हतं, आणि सगळी अडचण तीच होती. सिंगापुरात थंडी पडत नाही, तेव्हा घरटी एकेक जाड जॅकेट कपाटात कोंबून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा, असं इथल्या मराठी मंडळींनी कधीच ठरवून टाकलं होतं. आंग मो किओपासून बुकित तिमाहपर्यंत सगळ्यांत मिळून एकच जॅकेट होतं. ज्याला थंड देशात जायचं असेल त्यानं ते संजीवनीवहिनींच्या काँडोतून न्यायचं आणि धुऊन परत आणायचं. शेजारणीचा डबा जसा रिकामा परत करत नाहीत, तसं जॅकेटही रिकामं परत करायचं नाही. आतल्या खिशात काहीतरी गोड घालायचं. अशा आठ वर्षांत त्याची चेन दोनदा बदलली होती, टोपी होक्काइडोत राहिली होती, आणि कुणाच्या तरी नव्या साडीबरोबर धुतल्यामुळे त्याला वांग्याचा रंग आला होता. मूळ रंगाबद्दल मतभेद होते.

"घोड्यानं काय केलं?" सुलेखानं शांतपणे विचारलं. ती शांतपणे विचारायला लागली की आर्या, त्यांची बारा वर्षांची मुलगी, हेडफोन काढून ठेवायची.

निशिकांतनं सांगितलं. बँकेनं त्याला ट्रेनिंगला अमेरिकेत रीनोला पाठवलं होतं. नोव्हेंबर २००६ची अखेर; थंडीची नुकती सुरुवात. रविवारी सुट्टी होती आणि गावाबाहेरच्या माळावर जंगली मस्टँग घोडे होते. तो नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गेला. पण जॅकेट नायलॉनचं. हात हलला की चिवड्याचं पाकीट फोडल्यासारखा आवाज व्हायचा आणि घोडे वळून चालू लागायचे. दुपारपर्यंत त्याच्याकडे दोनशे अकरा फोटो जमले. सगळे मागून.

"मग मी जॅकेट काढलं. झुडपावर टाकलं आणि स्वेटरवर पालथा पडून राहिलो."

"त्या थंडीत?"

"दात वाजत होते, पण जॅकेटपेक्षा कमी. पाऊण तासानं एक घोडा आला. माझ्याकडे नाही, जॅकेटकडे. खिशात गूळदाण्याचे लाडू होते ना, वहिनी म्हणाल्या होत्या ते, आधीच्या कुणीतरी घातलेले."

"आणि तू हाकललं नाहीस."

"मी फोटो काढला," निशिकांत म्हणाला. "सतरा काढले. एकच नीट आला."

तो एकच फोटो त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. पडदा खारी बिस्किटाएवढा. त्यात घोड्याचं तोंड होतं, पापण्यांवर हिम होतं, डोळ्यात कमालीचं समाधान होतं, आणि दातांत खिशाचं अस्तर होतं.

आता यात पणाला काय लागलं होतं ते समजायला दिलीपराव माहीत हवेत. दिलीपराव म्हणजे संजीवनीवहिनींचे यजमान. दर डिसेंबरला खाडीवर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचे फोटो ते इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवत. गेल्या वर्षी निशिकांतनं भीतभीत आपले खारींचे फोटो दाखवले, तेव्हा चाळीस माणसांसमोर दिलीपराव म्हणाले होते, "शेपूट सुरेख आलंय. खार कुठल्या स्लाइडला आहे?" त्या रात्री निशिकांतनं ठरवलं होतं की पुढच्या वर्षी समोरून.

"हा फोटो दाखवायचा नाही," सुलेखा म्हणाली. "पाठमोरे दाखव. जॅकेटचं मी बघते."

तिनं जॅकेट खालच्या मजल्यावरच्या चिनी शिंप्याकडे नेलं. त्यानं भोकातून बोट, मग हात, मग कोपर घालून पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. सुलेखा म्हणाली, "हॉर्स." शिंप्यानं जॅकेटची घडी घालून परत दिली आणि दुसऱ्या कुणाची तरी पँट शिवायला घेतली.

शुक्रवारी संजीवनीवहिनींचा फोन आला. मंडळातल्या अमेयला वीस तारखेला कोरियात सोलला जायचं होतं. "शनिवारी कार्यक्रमाला येताना जॅकेट आण गं. आणि खिशात करंज्या नको घालूस, चुरा होतो."

"नाही घालणार," सुलेखा म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

मागून दिलीपरावांचा आवाज आला; निशिकांतच्या घोड्यांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "निशिकांतला म्हणावं, घोडे इथे रेसकोर्सवरही असतात. तोंडासकट."

एवढं पुरे होतं. निशिकांत म्हणाला, "मी तो फोटो दाखवणार."

"बाबा, क्रॉप करा ना," आर्या अर्ध्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "जस्ट कट द माउथ, लाह. जॅकेट नाही दिसणार."

"दोनशे अकरा पाठमोरे घोडे आणि एक बिनतोंडाचा? नाही. चोरी मी केलेली नाही, घोड्यानं केलीय. मंडळातून काढलं तरी चालेल."

"मंडळातून काढतील मलाही," सुलेखा म्हणाली.

शनिवारी काँडोच्या फंक्शन रूममध्ये एसी इतका जोरात होता की जॅकेटची आठवण चाळीसच्या चाळीस माणसांना आली. निशिकांतनं निवडून तीस पाठमोरे घोडे दाखवले. दिलीपराव पहिल्या रांगेत बसून दर स्लाइडला "हाही गेला" म्हणत होते. विसाव्या घोड्याला मागच्या रांगाही म्हणू लागल्या.

मग निशिकांतनं शेवटची स्लाइड लावली.

भिंतभर घोडा समोरून उभा राहिला. दिलीपरावांचं "हाही" अर्ध्यावरच राहिलं. मग संजीवनीवहिनी सावकाश म्हणाल्या, "हे आपलं जॅकेट आहे."

"आहे," निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज जरा वर गेला होता, पण तो मागे हटला नाही. "माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. वाचवता आलं असतं. मी वाचवलं नाही. पुन्हा तो घोडा आला तर पुन्हा नाही वाचवणार. ज्यांना सोलला जायचंय त्यांनी स्वेटरवर स्वेटर घालावेत. माफी मी मागणार नाही."

सुलेखानं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जॅकेट तिच्यात होतं, उरलेलं.

"थांबा, थांबा," दिलीपराव उठले. "हे कॉम्प्युटरवर जोडलेलं आहे. जंगली घोडा इतक्या जवळ येतच नाही. मी दाखवतो जोड कुठेय ते." ते पडद्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि घोड्याच्या दातांना नाक लावलं. खिशाचं अस्तर उलटं बाहेर ओढलं गेलं होतं. त्याच्या तळाला तांबड्या दोऱ्यानं काहीतरी भरलेलं होतं.

"अक्षरं आहेत," दिलीपराव म्हणाले. "मराठी आहेत." मग ते वाचू लागले. "सौ. सुलेखा नि. बेहेरे. सातारा."

"माझ्या आईचं भरतकाम आहे ते," सुलेखा म्हणाली. "भांड्यांवर घालतात तसं कपड्यांवरही नाव घालायची. वरून दिसू नये म्हणून खिशाच्या तळाशी." ती संजीवनीवहिनींकडे वळली. "वहिनी, हे तुमच्याकडे आलं कुठून?"

वहिनींना मागच्या रांगेतल्या शिरीषनं दिलं होतं. शिरीषला ते त्याच्या शेजारी बसलेल्या उल्काकडून मिळालं होतं. उल्का एसीकडे बघत म्हणाली, "अठ्ठ्याण्णव साली तुम्ही चोआ चू कांगचा फ्लॅट सोडत होतात ना, तेव्हा एक निळं जॅकेट मी दोन दिवसांसाठी नेलं होतं."

आठ वर्षांत कुणी खिसा उलटा करून पाहिला नव्हता. त्यात कायम लाडू असायचे.

संजीवनीवहिनी खुर्चीत मागे टेकल्या. अमेयनं सोलचं तापमान किती असतं ते हळूच शेजाऱ्याला विचारलं. निशिकांतच्या छातीवरून मोठं ओझं उतरलं. आपल्याच जॅकेटसाठी तो तीनदा मिन्नतवारी करून, तीनदा खिसा भरून आला होता. आता या हॉलमधल्या प्रत्येकानं त्याची माफी मागायला हवी होती, आणि ती कोणत्या क्रमानं घ्यावी याचा तो विचार करू लागला.

तेवढ्यात सुलेखा उठून उभी राहिली.

"म्हणजे," ती अगदी शांतपणे म्हणाली, "घोडा माझं जॅकेट, माझ्या आईच्या हातचं नाव खात होता, आणि तू फोटो काढत पडला होतास?"

आर्यानं हेडफोन शोधायला बॅग उघडली, मग बंद केली. निशिकांतनं सगळ्या हॉलकडे पाहिलं. या वेळी दिलीपरावसुद्धा त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहत होते.

"सतरा," निशिकांत म्हणाला. माघार घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

मंडळाच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानावर तो घोडा छापला गेला, क्रॉप न करता. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत. पहिली छायाचित्रकाराच्या नावाची. दुसरी सुलेखानं स्वतः प्रेसमध्ये जाऊन घालून घेतली: जॅकेट, सौ. सुलेखा नि. बेहेरे यांच्या संग्रहातून.