गोठलेलं चालतं

जुन्या मित्राच्या, विठूच्या पत्राला काळुराम मोकलांनी उत्तर दिलं नव्हतं. गणपतीत आलेलं पत्र फाल्गुन उजाडला तरी जाड शब्दकोशात पडून होतं. मजकूर थोडाच होता: वहिनी गेल्यापासून तू कुठे दिसत नाहीस, मीच पेणला येतो, तुझ्या हातचं मटण खायला घाल, कधी येऊ ते कळव. काळुरामांनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. पण 'अवश्य येणे' लिहिलं की ते लग्नपत्रिकेसारखं वाटे आणि 'ये रे' लिहिलं की उर्मट. वाचनालयात सारा जन्म दुसऱ्यांना पुस्तकं काढून देण्यात गेलेला माणूस. स्वतःचं वाक्य काढायचं म्हटलं की हात थांबे.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"काळ्या, गाडीत बसलोय. रोहा सुटला."

"अरे, पण मी तुला कळवलं नाय..."

"म्हणून तर निघालो. नाय म्हणायचं असतं तरी तुला लिहिता आलं नसतं!"

मुलगी भूमिका डोलवीला कंपनीत सकाळच्या शिफ्टला गेली होती. तिनं आणलेल्या विजेच्या कुकरशी काळुरामांचा संबंध धूळ पुसण्यापुरता होता. त्यांनी भीतभीत तिला फोन लावला.

"आबा, सोपं हाय. फ्रीजरमधलं मटण काढा, भाजीची पिशवी काढा..."

"त्याचा दगड झालाय गो."

"गोठलेलं चालतं. तसंच टाका. मसाला, मीठ, पेलाभर पाणी, झाकण, मटणाचं बटण. ठेवते, सुपरवायझर आला."

शिट्ट्या किती, ते विचारायचं राहिलं. त्यासाठी कामावरच्या माणसाला पुन्हा त्रास देणं काळुरामांना बरं दिसेना. शिवाय बायकोचं माप त्यांना पाठ होतं: मटणाला पाच.

मटण डब्याच्या आकाराचं चौकोनी गोठलं होतं आणि कुकर गोल. बराच वेळ समजूत घातल्यावर ते तिरकं आत शिरलं. त्यावर गाजर-मटार खडीसारखे कोसळले. काळुरामांनी बटण दाबलं आणि स्टूल ओढून समोर बसले.

कुकर गप्प. काळुरामांनी कान जवळ नेला. दोष यंत्रात की आपल्या कानात, हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात शिट्टी झाली. अगदी मंद, लांबून आल्यासारखी. महागाचं यंत्र, शिट्टीसुद्धा संकोचून देतं, हे त्यांना फार आवडलं. पाचवी होताच त्यांनी प्लग काढला.

विठू आला तो भुकेलाच. झाकण सहज उघडलं, हे काळुरामांना शुभलक्षण वाटलं. आत कोमट पाण्यात मटार पोहत होते आणि मधोमध मटणाची वीट, कोपरे तेवढे झिजलेली.

विठूनं डाव मारून पाहिला. टणकन आवाज आला.

"काळ्या, हे शिजवलंस का आंघोळ घातलीस?"

तेवढ्यात भूमिकाचा फोन. "आबा, झालं काय?"

"पाच शिट्ट्या घेतल्या गो, तरी..."

"आबा, त्याला शिट्टी नसतेच."

"मग मी मोजल्या त्या?"

"त्या माझ्या!" दारातून आवाज आला. भिंतीपलीकडच्या शांतीबाई वाडगा घेऊन उभ्या होत्या. "हरभऱ्याच्या. पावणे आलेत ऐकलं, म्हणून उसळ आणली भाऊ."

विठू हसत खाटेवर आडवाच झाला.

बटण पुन्हा दाबलं. आता कुकरनं खरोखर मनावर घेतलं; इतकं, की तो उघडेचना. वाफ कोंडून झाकणावरची लाल खुंटी वर आली आणि वरच राहिली. विठूनं झाकण ओढून पाहिलं, शांतीबाईंनी खुंटीला दटावलं. शेवटी दोघे मित्र उसळ-भाकरी जेवले. काळुरामांनी मोजलेल्या शिट्ट्याच पानात आल्या.

"निघतो. ही गाडी चुकली तर माझी हौसा घरात घेणार नाय." विठूनं चपला घातल्या. तोंड हसरं होतं, पण तो काळुरामांकडे न बघता बोलला, "आता मी न बोलावता यायचा नाय हां. आज आलो ते माझ्या मनानं. आता तू बोलव."

'थांब' म्हणावं की 'थांब ना', हे काळुराम ठरवेपर्यंत विठू वळणापलीकडे गेला होता.

घरात शिरतात तोच खुंटी टक्कन खाली पडली. मटण हाडापासून आपणहून सुटत होतं. गाजर-मटार विरघळून रश्श्यात बेपत्ता झाले होते. काळुरामांनी एक तुकडा तोंडात टाकला. मीठसुद्धा बरोबर होतं. हे सांगायला समोर कोणी नव्हतं.

त्यांनी पोस्टकार्ड काढलं. लिहिलं: 'विठू, मटण शिजलं. येत्या रविवारी ये.' खाडाखोड नाही. स्वतःच चकित होऊन त्यांनी ते पुन्हा वाचलं.

नाक्यावरच्या टपालपेटीजवळ शांतीबाई भेटल्या.

"भाऊ, फोन करायचा ना! रविवारपर्यंत मटण टिकेल व्हय?"

"फ्रीजरमध्ये टाकलंय," काळुराम म्हणाले. "गोठलेलं चालतं."

आणि त्यांनी कार्ड पेटीत सोडलं.